शिडानं मांडव्याला

शिडाच्या बोटींचा क्लब सहल ठरवतो तेव्हा कोणाला कुठला शनिवार सोयीचा आहे हे सगळ्यात शेवटी पाहिलं जातं. आधी पाहतात तिथी. भरतीची वेळ काढायचं कोकण किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला गणितानं सव्वाअकरा येतात, पण मुंबईत प्रत्यक्षात बाराच्या आगेमागे भरती पुरी होते. पुढे सहा तास ओहोटी. ओहोटीचं पाणी बंदरातून दक्षिणेला, खुल्या समुद्राकडे ओढलं जातं आणि रायगडच्या किनाऱ्यावरचा मांडवा दक्षिणेलाच आहे. म्हणजे पौर्णिमेच्या शनिवारी जेवणवेळेला दोर सोडले की पाणीच बोटीला पुढे नेतं. रविवारी सकाळी साडेसहा-सातला पुन्हा भरती लागते आणि तीच घरी आणते.

यंदा संपादकांनी विषय दिला होता ‘शहराबाहेर’. मुंबईकर शहराबाहेर जातो म्हणजे शनिवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर जाऊन उभा राहतो. या शहराची एक अख्खी बाजू टोलशिवाय उघडी आहे, हे आपल्याला सहसा आठवत नाही. त्या बाजूनं कुटुंबं, पाहुणे, डबे आणि पोरंबाळं घेऊन जाणारी माणसं कोण आहेत, हे पाहायला पौष पौर्णिमेला कुलाब्याच्या धक्क्यावर गेलो. क्लबाचं नाव लिहीत नाही. तिथल्या मंडळींना प्रसिद्धी नको होती आणि जे पाहिलं ते कुठल्याही अशा क्लबाला लागू पडावं.

आधी पाणी, मग वारा

पाण्याचा हिशेब जमला तरी वाऱ्याचा जमेलच असं नाही. थंडीच्या दिवसांत मुंबई बंदरात पहाटेपासून जमिनीवरून, ईशान्येकडून गार वारा सुटलेला असतो. शाळेत शिकलो तेच हे मतलई वारे. ऊन चढतं तसा तो मंदावतो आणि अकरा-बाराच्या सुमाराला पडतोच. पाणी तेलकट दिसायला लागतं, शिडं लोंबतात. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो, वायव्येकडून. दुपारी तीनला तो चांगला भरात असतो.

गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत सात-साडेसात सागरी मैल, दक्षिणेला किंचित पूर्वेकडे. वायव्येचा वारा म्हणजे पाठीशी. पाठीशी वारा असला की बोट कलत नाही, हातातला चहा सांडत नाही आणि पहिल्यांदा आलेल्या सासूबाईसुद्धा पंधरा मिनिटांत गप्पांना लागतात. तोच वारा परतीला तोंडावर येतो. शिडाची बोट वाऱ्यात सरळ घुसू शकत नाही, तिला आधी एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं तिरकं तिरकं चढावं लागतं. प्रत्येक वळणाला शिडं इकडची तिकडे, माणसं इकडची तिकडे आणि बोट एका कडेवर कललेली. स्पर्धेतल्या माणसाला यात स्वर्ग दिसतो. डब्यात उरलेला गाजरहलवा सांभाळणाऱ्याला दिसत नाही. म्हणून परत यायचं ते सकाळी, मतलई वाऱ्यावर. तो आडवा लागतो, तिरकं चढावं लागत नाही, एका रेषेत घर गाठता येतं.

जाताना दुपार आणि ओहोटी, येताना सकाळ आणि भरती. हे चारही धागे जुळतात ते पौर्णिमा-अमावस्येच्या शनिवार-रविवारी. त्यातही अमावस्या कोणी निवडत नाही, रात्री किनाऱ्यावरून बोटीकडे परतताना उजेड लागतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी, पण वेळा उलट्या. सकाळी सहाला भरती पुरी आणि बाराला ओहोटी संपलेली, म्हणजे दुपारी निघालेल्या बोटीला पाणी मागे ढकलत राहणार.

धक्क्यावर

मुंबई हे एवढं मोठं बंदर, पण बोटीवर थेट पाय ठेवून चढावं अशी मोठी मरीना या शहराला नाही. क्लबांच्या बोटी गेटवेसमोर, उघड्या पाण्यात, तळाशी रुतवलेल्या वजनांना साखळीनं बांधून ठेवतात. त्यांच्यापर्यंत छोट्या लाँचनं जायचं. म्हणजे धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, मग हलती लाँच, मग तिच्याहून वेगळ्या तालात हलणारी बोट. सहलीतला सगळ्यात अवघड भाग हा, आणि तो सुरुवातीलाच असतो. भरतीला निघायचं याला हेही एक कारण आहे. भरतीला पायऱ्या थोड्याच उतराव्या लागतात, उधाणाच्या ओहोटीला पाणी साडेचार-पाच मीटर खाली गेलेलं असतं.

मी ज्या बोटीवर होतो तिचे मालक चार. चार घरांनी मिळून घेतलेली सव्वीस फुटी बोट, जुनीच. खर्चही चौघांत, भांडणंही चौघांत. शिवाय एक तांडेल, पन्नाशी ओलांडलेले, रायगड जिल्ह्यातले. बोट कागदोपत्री चौघांची, बाकी सगळ्या अर्थानं त्यांची. मालकांतल्या एकानं शिडाची दोरी खुंटीला उलट्या बाजूनं गुंडाळली, तेव्हा ते काही बोलले नाहीत. नुसते गेले, सोडवली, पुन्हा गुंडाळली.

निघण्याआधी पाहुण्यांना सूचना दिल्या जातात. लाइफ जॅकेट आत्ताच घालायचं, मग नाही. डोलकाठीला आडवा बसवलेला दांडा म्हणजे बूम, तो सूचना न देता डोक्यावरून फिरतो, म्हणून ‘डोकं!’ असं कानावर आलं की आधी खाली वाकायचं, का ते नंतर विचारायचं. एक हात स्वतःसाठी, एक बोटीसाठी. उलटी येईल असं वाटलं तर वाऱ्याच्या विरुद्ध कडेला जायचं आणि लाजायचं नाही. लागू नये म्हणून क्षितिजाकडे बघायचं, मोबाइलकडे नाही. आलेपाक सगळ्या बोटींवर होता.

डब्यांचाही कायदा आहे. एका हातानं खाता येईल तेच आणायचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, पोळीचे रोल, चिवडा. रस्सा, आमटी, ताक नको. भरली वांगी एका काकूंनी आणलीच, त्यांचा डबा प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून बोटीच्या पोटात ठेवला गेला. तेल डेकवर सांडलं तर माणूस घसरतो, आणि डेकच्या पलीकडे कठडा म्हणजे दोन बारीक तारा.

या पाण्याची धास्ती

आमच्या बोटीवर गिरगावच्या एक आजी होत्या. नातवानं हट्टानं आणलेल्या. माहेर रेवदंड्याचं. लग्नानंतर माहेरी जायच्या त्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं. लाँच सुटली की बायका आधी हात जोडायच्या, असं त्या म्हणाल्या. कारण विचारावं लागलं नाही. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक सणासाठी घरी चाललेली कोकणातली चाकरमानी मंडळी. गिरगाव-परळच्या कितीतरी घरांत त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या बोट म्हटलं की नको हेच उत्तर होतं. मराठी माणूस समुद्राला पाठ करून बसतो असं आपण सहज म्हणतो. त्या पाठ करण्याला कारणं आहेत, ती घराघरांतली आहेत.

अलीकडचं कारण सगळ्यांना आठवत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, माणसं दगावली. त्यानंतर गेटवेच्या फेरी बोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आधी ती आसनाखाली, फळीखाली किंवा नुसती कागदावर असत. क्लबांत ती शिस्त जुनी आहे, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पोहता येणारा, न येणारा, मालक, तांडेल, कुणालाही सूट नाही.

मांडव्याच्या वाटेवर मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. मुंबई बंदरात आणि पलीकडे न्हावाशेवाला जाणारी कंटेनर जहाजं याच खोल पट्ट्यातून येतात. समुद्राचा सर्वसाधारण नियम शिडाच्या बाजूचा आहे, इंजिनवाल्यानं शिडवाल्याला वाट द्यायची. मात्र अरुंद खोल मार्गात तो उलटतो. तीनशे मीटरचं जहाज त्या मार्गाबाहेर गेलं तर रुतेल आणि थांबायचं म्हटलं तर मैलभर पुढे जाऊन थांबेल, म्हणून तिथे छोट्या बोटीनं त्याच्या आड यायचं नाही. नवशिक्याची फसगत वेगाची होते. लांबून जहाज जागच्या जागी उभं दिसतं. दहा मिनिटांनी त्याचं नाळेवरचं नाव वाचता येतं. जहाजानं पाच छोटे भोंगे दिले तर त्याचा अर्थ ‘तुमचा विचार काय आहे ते मला कळत नाही’. आम्हाला ते ऐकावे लागले नाहीत, कारण तांडेलांनी बऱ्याच आधी बोट वळवून जहाजाच्या मागून काढली. तेवढ्यासाठी अर्धा मैल जास्त पडला. चौघांपैकी एका मालकाला ते पटलेलं नव्हतं, पण तो बोलला नाही.

मार्ग ओलांडला की पुढचं लक्ष डोल जाळ्यांवर. कोळी बांधव ओढीच्या पाण्यात मेखांना जाळी बांधून ठेवतात, वर फक्त तरंगते बोये आणि काठीला लावलेली काळी झेंडी. सुकाणू त्यात अडकलं तर बोट तिथेच उभी आणि जाळं फाटलं तर कुणाच्या तरी आठवड्याच्या कमाईचा प्रश्न. तांडेलांना त्या काठ्या मला दिसायच्या कितीतरी आधी दिसत होत्या.

इंजिन लावायचं का?

अशा सहलीतला खरा वाद हा एकच. आमच्या पुढे-मागे सात-आठ बोटी होत्या आणि मार्ग ओलांडल्यावर वारा मध्येच पडला. वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग एका बोटीचं इंजिन घरघरलं. बाकीच्यांनी तिकडे पाहिलं, ते बघण्यासारखं होतं. काही लोकांच्या मते शिडाच्या बोटीनं इंजिन लावणं म्हणजे उपासाला साबुदाणा म्हणून बटाटेवडा खाणं. हे लोक स्पर्धा जिंकतात. त्यांच्या घरचे पुढच्या सहलीला येत नाहीत.

क्लबाच्या सहल-सचिव बाईंनी हे स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबर ते मे हा इथला मोसम. पावसाळ्यात बोटी उचलून ठेवतात. मोसमातले बरेचसे शनिवार-रविवार शर्यतींत जातात आणि शर्यतीला जाणारा माणूस घरच्यांसाठी नसल्यातच जमा. सहल ही त्या हिशेबाची परतफेड. ती नीट झाली नाही तर घरून पहिला प्रश्न येतो, बोट विकायची कधी. क्लबांच्या बोटी वादळात कमी आणि अशा प्रश्नांवर जास्त बुडतात, हे त्यांचं निरीक्षण मला पटलं. ढालींनी भरलेली कपाटं बघायला बरी असतात, पण क्लब चालतो तो सहलीला खूश होऊन परतलेल्या बायको, नवरा, आजी आणि पोरांच्या जोरावर. बोटीवर आजी असेल तर इंजिन बिनदिक्कत लावावं, हे माझं मत.

आमचं लागलं नाही. तांडेलांनी वायव्येकडे पाण्यावर गडद झालेला पट्टा दाखवला आणि पाच मिनिटांत वारा तिकडून आला. त्या वेळी सुकाणू मालकांपैकी एकाच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात होतं. तिच्या पिढीला याचं अप्रूप नाही. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, हे तिनं शाळेत ऐकलं होतं. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्यानं ‘म्हादेई’वरून जगाला फेरी मारून मुंबईत परतले, ही बोटही गोव्यातच, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, हे मात्र बोटीवर बऱ्याच मोठ्यांनाही ठाऊक नव्हतं.

पोपटी

चारच्या सुमाराला मांडव्यासमोर नांगर टाकले. नांगर टाकणं म्हणजे लोखंड पाण्यात सोडणं नव्हे, हिशेब दोरीचा असतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी उतरत आलेलं. खोली मोजून पाचपट दोरी सोडली आणि निवांत किनाऱ्यावर गेलो, तर मध्यरात्रीच्या भरतीला खोली चार-साडेचार मीटरनं वाढते, तीच दोरी तोकडी पडते आणि नांगर उचलला जातो. म्हणून दोरी सोडायची ती मध्यरात्रीचं पाणी धरून. शेजारच्या बोटीनंही तेवढीच सोडलेली असते, नाहीतर रात्री वारा फिरला की दोघी गळ्यात गळे घालतात.

किनाऱ्याला जाताना शेवटचे काही मीटर गुडघाभर पाण्यातून आणि चिखलातून. बाजूच्या जेट्टीला भाऊच्या धक्क्यावरून आलेली रो-रो लागली होती. २०२० पासून ती गाड्यांसकट तासाभरात इथे आणते. तिच्यातून उतरलेली माणसं अलिबागच्या दिशेनं भुर्रकन निघून गेली. आम्ही कपडे पिळत होतो.

पौषात रायगडमध्ये वालाच्या शेंगा तयार होतात आणि वाडीवाडीत पोपटी लागते. क्लबाची मेजवानी तीच, आणि ती लावणारे आमचे तांडेल. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, खडे मीठ, ओवा. मग बटाटे, अंडी, मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडकं उलटं करून जमिनीवर ठेवायचं आणि भोवती पेंढा, पातेरा, गोवऱ्या रचून जाळ लावायचा. अर्ध्या-पाऊण तासानं तांडेलांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, थेंब जागच्या जागी उडाले, त्यांनी मान डोलावली. काठीनं मडकं बाहेर ओढलं, आडवं केलं, पाला काढला. भांबुर्ड्याचा तो उग्र, ओव्याशी मिसळलेला वास आला आणि क्लबाचे प्रमुख, म्हणजे कमोडोरसाहेब, पानावर मांडी घालून बसणाऱ्यांत पहिले होते. दिवसभर तांडेलांना हाका मारणारे लोक या वेळी त्यांना विचारत होते, झालं का, बसू का. भरली वांगीही निघाली.

जेवताना दक्षिणेकडच्या खांदेरीचा विषय निघणारच होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ते बेट बांधायला घेतलं, मायनाक भंडारी आणि दौलतखान तिथे लढले. इंग्रजांची ‘रिव्हेंज’सारखी जहाजं वेढा घालून बसली होती तरी मराठ्यांची उथळ तळाची गलबतं आणि होड्या रात्री किनाऱ्यालगतच्या पाण्यातून रसद पोचवत राहिल्या. ‘डव्ह’ हे इंग्रजी जहाजही मराठ्यांनी पकडलं. आम्ही जे दिवसभर केलं, म्हणजे तिथी बघणं, वारा बघणं, उथळ कुठे ते बघणं, त्याच शहाणपणावर ती लढाई झाली. फरक एवढाच की त्यांच्याकडे आलेपाक नव्हता, असं आजी म्हणाल्या. २०२५ मध्ये खांदेरीसह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. शिडानं तिथवर जाणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

कोणाचा खेळ?

हा प्रश्न टाळता येत नाही. मुंबईतला सगळ्यात जुना, रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. इंग्रजी अमलात तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. अपोलो बंदरावरच्या त्याच्या जुन्या इमारतीत १९४९ मध्ये होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था भरू लागली, आणि साहेबाच्या नाचगाण्याच्या जागेत पोरं अणूचं गणित मांडू लागली. हा काव्यगत न्याय मला फार आवडतो. क्लबांचे दरवाजेही पुढे उघडले, पण उंबरठा राहिला. सभासदत्वाची फी आहे, प्रतीक्षायादी आहे, आणि त्याहून मोठा म्हणजे आपण तिथले नव्हेत हा आपलाच समज आहे. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती याच मुंबईच्या पाण्यात झाल्या, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. मुंबईच्या रस्त्यावर किती जणांना आठवतं विचारून बघा.

एक गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाही. बोट असलेल्यांची क्लबात उणीव नसते, हातांची असते. रविवारी सकाळी आमची बोट परत निघाली तेव्हा चार मालकांपैकी दोघं रो-रोनं निघून गेले होते, सोमवारची बैठक म्हणून. शिडाच्या दोऱ्यांवर उरलेले आम्ही. मी, ती चौदा वर्षांची मुलगी आणि एका मालकाच्या कचेरीतला तरुण, जो पाहुणा म्हणून पहिल्यांदा आला आणि नंतर दर शनिवारी येऊ लागला. त्याच्याकडे बोट नाही, सभासदत्व नाही. तो वेळेवर येतो, सांगितलं ते ओढतो आणि रुसत नाही. अशा माणसाला मोसमभर फुकट समुद्र मिळतो. मतलई वारा आडवा होता, भरती पाठीशी. साडेदहाला गेटवेसमोर होतो.

तेव्हा वाचकहो, बोट घ्यायची स्वप्नं बघू नका, बोटीवरचा हात व्हा. पावसाळा संपला की मुंबईतल्या क्लबांत आणि शिकवणाऱ्या संस्थांत नवशिक्यांचे वर्ग सुरू होतात, मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची सव्वादोन मीटरची चिमुकली बोट असते. वर्ग झाला की क्लबाच्या फलकावर ‘क्रू हवा’ अशी चिठ्ठी शोधा, ती बहुधा असतेच. पोहायला येत असलं तर उत्तम, नसेल तर आधी तरण तलाव गाठा. टोपीला दोरी बांधा. आणि काळ्या तळाचे बूट घालून जाऊ नका, डेकवर डाग पडतात आणि ते तांडेलांना घासावे लागतात.